मामांची पिशवी

मोटार चालवायची कशी, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण ती आदळावी कशी, याचा विचार अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात फक्त आमच्या मामांनी केला होता. नांदुऱ्याला त्यांचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या लग्नाच्या बोलणीला पाहुणे आले, तेव्हा सगळे मुलाकडं पाहत होते आणि मामा बाहेर त्यांच्या जीपमध्ये आसनासमोरच्या दांड्यावर बोटांनी टकटक करत होते. आत येऊन म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पन गाडीत तोंड फुटन."

सत्तर सालानंतर कधीतरी त्यांच्या हाती वर्तमानपत्राचं एक कात्रण आलं. अमेरिकेत म्हणे मोटारीत हवेची पिशवी बसवून पाहत होते. मामा ते येईल त्याला समजावून सांगत. "धडक बसली का आतल्या कळीले समजते. ते फटाक्यातल्यासारखी दवाई पेटवते, दवाईचा वायू होते, अन् पापणी लवाच्या आत पिशवी फुगते. डोकं तिच्यात जाते." मग मामांनी फुटबॉलचा ब्लॅडर फुगवून गाडीत आसनासमोरच्या दांड्याला बांधला, आसनावर डोक्याच्या जागी पपई ठेवली आणि गाडी उतारावरून भिंतीवर सोडली. पपई ब्लॅडरवरून उसळली ती थेट मामीच्या वाळवणात. मामी दोन दिवस वाळवणातून पपईच्या बिया वेचत होती. मामा विचारात होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या पिशवीले मांगून भोकं काऊन ठेवतात, आता समजलं. डोकं टेकलं का हवा निंगाले पाह्यजे. नाही तं ते उलटं फेकते."

वायूचं काही जमलं नाही. शेवटी त्यांनी सैल कापूस भरून जाड पिशव्या शिवल्या आणि गाडीत बांधल्या.

पुढं मला अमडापूरच्या शाळेत नोकरी लागली. रुजू व्हायच्या दिवशी मामाच सोडायला निघाले. खामगाव मागं पडलं आणि एकाएकी बैल आडवा आला. त्याला वाचवताना गाडी कडुलिंबाच्या झाडाला धडकली. माझं तोंड पिशवीत रुतलं. हनुवटीला ओरखडा, बस. मामांची छाती स्टिअरिंगच्या चाकावर आदळली, दोन बरगड्या मोडल्या.

दवाखान्यात मी विचारलं, "मामा, तुमच्याकडं पिशवी काऊन नव्हती?"

"चाक फिरवाले अडते वं."

मामीनं मला बाहेर नेलं. "खोटं बोलून राह्यले. सकाळी त्यायनं सोताच्या चाकावरची सोडली, अन् तुह्या म्होरं दुसरी बांधली. म्हने, एकीचा भरोसा नाही."

ओरखडा आठवड्यात गेला. पण पुढं कितीतरी वर्षं, कधीही भेटले की मामा माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवत, चष्मा वर सारून बारकाईनं पाहत आणि म्हणत, "थोडं दिसते अजून."

मी हो म्हणायची.