सुभेदारांची शिवराई

सन १९७५. मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि आमचे सुभेदार साठीला टेकले होते. समोरून कोण येतंय हे त्या वर्षी ते पायांवरून ओळखायचे, कारण मान कायम खाली. कानांवर दोन काळ्या वाट्या, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला थाळी. ती थाळी जमिनीपासून चार बोटं वर धरून ते गावभर फिरत. कानात यंत्राची घरघर चालू, म्हणून बोलणं सगळं ओरडून. देवळात मला खेटून बसून "तंबाखू हाय का रं म्हादबा?" म्हणाले, तर ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायच्या.

वडूजहून म्हसवडला जाताना आत वळलं की आमचं गाव. भावकी एक, आळ्या दोन. मी वरल्या आळीचा, सुभेदार खालच्या. चैत्रातल्या यात्रेला भैरोबाची पालखी देवळाच्या दारात आली, की गुरव गुलाल-खोबऱ्याबरोबर एक जुनी तांब्याची शिवराई, म्हणजे जाड ढब्बू नाणं, पालखीवरून उधळतो. ती ज्याला सापडेल, त्याचा पुढल्या यात्रेला पालखीच्या पुढच्या दांडीला पहिला खांदा. शिवराई वर्षभर त्याच्याच घरी राहायची आणि यात्रेदिवशी ती गुरवाच्या हातात पडल्याशिवाय पालखी जागची हलवायची नाही. बारा वर्षं ती आमच्याच आळीला सापडत होती. आमची नजर बारीक, आणि त्यांची निम्मी आळी फौजेत.

सुभेदारांनी सव्वीस वर्षं नोकरी केली, तीही जमिनीतले सुरुंग काढायच्या पलटणीत. यात्रेला एकदाही सुट्टी मिळाली नाही. पेन्शनीत आले तेव्हा मला म्हणाले, "गड्या, फौजेत जखमी उचलले, मढी उचलली. देव तेवढा उचलायचा राह्यला."

पंच्याहत्तरच्या यात्रेला गुरवाने शिवराई उधळली आणि ती खाली आलीच नाही. म्हणजे आली असणार, पण कुणाला दिसली नाही. दोनशे माणूस गुडघ्यावर बसून गुलाल उपसत होतं. संध्याकाळी माझा थोरला भाऊ म्हणाला, "कुणीतरी गिळली." संशय खालच्या आळीवर. त्यांचा आमच्यावर.

तिसऱ्या दिवशी सुभेदार सांगलीला गेले. जमिनीतला धातू सांगणारं, लष्कराच्या भंगारातलं एक मोडकं यंत्र तिथल्या जुन्या बाजारात त्यांनी हेरून ठेवलं होतं. एका रेडिओवाल्याकडून ते दुरुस्त करून घेतलं. रेडिओवाल्याने हाताशी होते ते भाग घातले, त्यामुळे दुपारी बारानंतर यंत्राला धातू कळायचा बंद व्हायचा आणि सांगलीचा रेडिओ लागायचा. एकदा सुभेदार देवळामागे मध्येच थबकले, डोळे मिटले, हात वर केला. पन्नास माणूस श्वास धरून उभं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ओरडले, "हळद उतरली!" तेव्हापासून गाव बाजारभाव त्यांनाच विचारू लागलं.

दुष्काळ होऊन तीनच वर्षं झाली होती, म्हणून परगावचे लोक त्यांना पाणाड्या समजायचे. वाटेवरची एक म्हातारी त्यांना शेतात घेऊन गेली आणि म्हणाली, "लागंल का बाबा हितं?"

"आजी, हे लोखंड, तांबं सांगतं. पाणी न्हाई."

"आन् लोखंडाला बैल काय चाटत बसत्यात व्हय?" म्हणाली. सुभेदारांना हे इतकं पटलं, की त्यांनी दोन दिवस यंत्र बंद ठेवलं.

काम मात्र पलटणीच्या शिस्तीत. यंत्र वाजलं, की तिथे तांबडी चिंधी रोवायची. मग पोटावर झोपून सायकलच्या तारेने तिरकी माती टोचायची. "मागं व्हा! मागं व्हा सगळी!" करून बघणाऱ्यांना वीस पावलं हटवायचे आणि बोटांनी माती काढायचे. एवढं करून निघायचा बैलाच्या पत्रीचा, म्हणजे नालाचा, तुकडा. मी म्हणायचो, "आवं सुभेदार, ही पत्री हाय. उडायची न्हाई." ते म्हणायचे, "दिसंपतूर पत्री न्हवती ती." एकदा त्यांच्याच परड्यातून पितळेची पळी निघाली. त्या पळीवरून त्यांच्या दोन्ही चुलत्या एकोणीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पळी निघाल्यावर बोलल्या, पुरली कुणी यावर, आणि परत बंद झाल्या.

यंत्राने सापडलेली शिवराई धरायची का, हा वाद मीच काढला. देवाने माणसाला नजर दिली आहे, थाळी दिलेली नाही, असं माझं म्हणणं. मी इयत्ता तिसरीतून उठलेला माणूस, पण बोलायला उभा राहिलो की बसत नाही. पंचांनी कंटाळून भैरोबाच्या अंगाला दोन कळ्या चिकटवून कौल लावला. उजवी कळी पडली तर यंत्र चालेल, डावी पडली तर नाही. सकाळपासून दुपारपर्यंत दोन्ही कळ्या तशाच. गुरव म्हणाला, "देवानं यंत्र बघितल्यालं न्हाई. इचार करतूया." दिवेलागणीला दोन्ही एकदमच पडल्या. सुभेदारांनी उजवी धरली, आम्ही डावी.

मग मी एक गोष्ट केली. करायला नको होती, पण केली. बैलांना पत्र्या ठोकायचे खिळे घरात डबाभर होते, ते घेऊन भर दुपारी देवळापुढच्या पटांगणात मुठीमुठीने पेरले. वाजू दे म्हटलं वाजायचं तेवढं. सुभेदार आठ दिवस पटांगणात पालथे पडून होते. नवव्या दिवशी माझ्या दारात आले. कागदाची पुडी पुढे केली. आत खिळे, एकेक पुसून, वाकडे होते ते सरळ करून.

"तुझं हायत."

"माझं कशावरनं?"

"गंज न्हाई. आन् पेंडीचा वास मारत्यात. पेंड गावात तूच घालतूस बैलास्नी." मग म्हणाले, "चार अजून जमिनीत हायत. बैलाच्या पायाला लागतील. उद्या काढतो."

शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्याजवळ एक वही होती. तिच्यात सबंध गावाचा नकाशा, आणि जिथे जिथे शोधून झालं तिथे 'नाही' लिहिलेलं. पटांगण, नाही. गुरवाचा ओटा, नाही. पालखीची वाट, दोन वेळा नाही. पावसाळा गेला, सुगी झाली, वही भरत आली. मी चेष्टेने म्हणालो, "सुभेदार, गावात ढब्बू न्हाई हे तुमी पक्कं केलंसा की." त्यावर ते गंभीर होऊन म्हणाले, "व्हय. येवढं तर कुणालाच ठावं न्हवतं." पण त्या दिवशी चालताना त्यांनी दोनदा दम खाल्ला, हे मी पाहिलं.

माघात त्यांचा मुलगा मलकापूरहून आला. डॉक्टरांनी छाती तपासून सुभेदारांना एकटं ठेवू नका म्हटलं होतं. मुलाच्या तिथे दोन खोल्या होत्या. सुभेदारांनी यात्रेपर्यंतची मुदत मागून घेतली. "यात्रा झाली की येतो. आर्डर हाय तर हाय." पुढे मलकापुरात ते चार वर्षं जगले. मी भेटायला जायचो. अंगणात फरशी होती, तिच्यावर यंत्र काही बोलायचं नाही. खाटेवर बसून ते मला हळदीचा भाव सांगायचे.

यात्रा उद्यावर आली. शिवराई नाही म्हणून पालखी हलणार नाही, हे गावाने धरलंच होतं. तरी दरवर्षीच्या पद्धतीने मी ट्रंक उघडली. आमच्यात यात्रेचा पटका वर्षात एकदाच डोक्यावर चढतो. त्यावरचा देवाचा गुलाल पुढच्या यात्रेपर्यंत धुवायचा नाही, झटकायचा नाही. बांधलेला तसाच उचलून ठेवायचा, आणि यात्रेच्या आदल्या दिवशी सोडून धुवायचा. मी पहिला पेच सैल केला. खोबऱ्याचा वाळका तुकडा पडला. दुसऱ्या पेचात बोट घातलं, तर गार लागलं.

तांब्याची, जाड, गुलालाने माखलेली. उधळली तेव्हा मी पालखीच्या कडेलाच उभा होतो.

बायको दारात होती. तिने बघितलं आणि पदर तोंडात कोंबून खाली बसली. हसू आवरेना. "आवं, ते मानूस वरीसभर सारं गाव उकरतंय, आन् ही तुमच्या टकुऱ्यावर!"

"वराडू नगंस."

"आता काय करणार?"

रीतीने शिवराई मला सापडली होती. पहिला खांदा माझा, तेरावं वर्ष आमच्या आळीचं. गुपचूप पटांगणात टाकून त्यांना सापडू द्यावी, असंही मनात आलं. पण पटांगण वहीत 'नाही' होतं, आणि त्या माणसाला खिळ्याचा वाससुद्धा कळतो. त्यांनी खोटं पकडलं असतं आणि पुडी बांधून परत आणून दिली असती. मी शिवराई होती तिथेच परत सारली, पेच आवळला आणि पटका न धुता खुंटीला लावला. बायको म्हणाली, "मळका घालून जाणार?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच पटका चढवला आणि खालच्या आळीत गेलो. सुभेदार ओट्यावर बसून यंत्र पोत्यात बांधत होते.

"सोडा ते," मी म्हणालो. "एक जागा ऱ्हायलीया."

"एक बी न्हाई. वही बघ."

"वहीत न्हाई ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् यंत्राचं चालतंय व्हय तुला?"

"आज चालतंय."

त्यांनी पोतं सोडलं, वाट्या कानांवर चढवल्या आणि थाळी घेऊन उभे राहिले. खालची आळी दारादारात येऊन बघत होती. मी त्यांच्या पायांपाशी मातीत मांडी घालून बसलो आणि मान खाली घातली.