चांदणीच्या अंगाचा फेस

"मॅडम, एक कडक इंजेक्शन मारा. नाहीतर शनिवारी हिला विकून टाकतो," विलास म्हणाला.

ही म्हणजे चांदणी, त्याची वरातीची पांढरी घोडी. भांडुपच्या टेकडीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये ती खांबाला अंग घासत उभी होती. आदल्या वरातीत खोगीर घालताच अशी उसळली, की नवरदेव रिक्षाने मंडपात गेला. विलासने लगेच गिऱ्हाईक शोधलं. त्याची बायको शोभा त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हती.

मी जनावरांची डॉक्टर. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी, आणि ती न तपासता सुया टोचायला मिळवलेली नाही.

पाठीवर केस तुटलेले, कोंडा, लाल चट्टे. अशा वेळी पहिला संशय उवांचा, मग खरजेच्या किड्यांचा, मग बुरशीचा. उवा दिसल्या नाहीत. मग स्किन स्क्रेपिंग केलं, म्हणजे ब्लेडने कातडीचा वरचा थर हलकेच खरवडून दवाखान्यात मायक्रोस्कोपखाली बघितला. काहीच नाही.

"रिपोर्ट क्लीन," मी परत जाऊन सांगितलं.

"क्लीन? मग खाजवते कशाला, टाइमपास?"

मी पुन्हा पाठीकडे वळले. चट्टा पुसायला ओला कापूस फिरवला, तर कापसावर फेस आला. निळसर.

"हिला अंघोळ कशाने घालता?"

"कपड्याच्या पावडरने. शेवटच्या बादलीत नीळ," विलास खुशीत म्हणाला. "फोटोत एकदम झकास येते. सीझन आहे ना, रोज घालतो."

"अरे, घोडी आहे ती, शर्ट नाही!"

शेडच्या दारात उभ्या शोभाचा अबोला तिथेच सुटला. "तुम्ही करा की पावडरने अंघोळ! आणि नीळ घालून बसा स्टेजवर!"

कातडीला स्वतःचं तेल असतं. पावडर ते काढून टाकते. त्यात थंडीची कोरडी हवा. उरलेली पावडर खोगिराखाली घामात भिजते आणि आग होते.

इलाज साधाच. फेस जाईपर्यंत कोमट पाणी, मग अंग पुसून ऊन. पावडर बंद. खाज शमवायला ओट्स फडक्यात बांधून भिजवायचे आणि ते दुधट पाणी चट्ट्यांवर लावायचं. पहिल्या दिवशी चांदणीने पुरचुंडीच चघळायला घेतली. चट्टे भरेपर्यंत खोगीर नाही.

"आणि पिवळी पडली तर?" विलासने विचारलं. "बुकिंग पांढऱ्या घोडीचं आहे."

"डाग ओल्या फडक्याने पुसा. बाकी झूल झाकते."

शनिवारी गिऱ्हाईक आलं. चट्टे अजून होते, पण खांबाला घासणं थांबलं होतं. त्याने पाठीवर हात ठेवला. चांदणीने फक्त कान हलवला.

"पिवळट आहे. पण चालेल. नेऊ?"

"कुठे?" विलास म्हणाला. "चहा घ्या आणि जा."

चट्टे भरल्यावर, खोगिराखाली मऊ सुती चादर घालून, चांदणी पुन्हा वरातीला गेली. बँडपुढे शांत उभी राहिली. नवरदेव मात्र घाबरला होता. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

खाज सुटली की लोक विचारतात, डॉक्टर, काय लावू? मी आता उलट विचारते. आधी काय लावताय, ते सांगा.