पितळी पाटीवर डोंगरे

मी ट्रकखाली उताणा पडलो होतो. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाजूला नऊ-दहा जोडी पाय उभे. त्यांतले माझ्या बायकोचे मला लगेच ओळखू आले, कारण ती अधीर झाली की पायाचा अंगठा हलवते.

"अहो, दिसलं का काही?"

दिसलं होतं. सांगायची हिंमत होत नव्हती.

झालं असं, की इथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठजींनी पनागरच्या रस्त्यावरच्या आपल्या गोदामात जुन्या ट्रकांचं म्युझियम काढलं. त्यातली महाराणी म्हणजे त्यांच्या आजोबांची पहिली गाडी. गोल नाकाची, गुबगुबीत. एका शेतात सापडली, तेव्हा तिच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. माझं इथेच, गोरखपूर मोहल्ल्यात गॅरेज आहे. इंजिन, ब्रेक आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, हे काम माझ्याकडे आलं. लाकडी केबिन, पत्रा आणि रंग बॉडी बांधणाऱ्या डोंगरेकडे. सहा महिने मी तिच्या पोटाखाली ग्रीस खाल्लं. डोंगरेने दारांवर दोन मोर काढले.

त्या रविवारी मी बायकोला मोठ्या ऐटीत गाडी दाखवायला नेलं. समोर पितळी पाटी. 'पुनर्निर्माण : श्री. डोंगरे.' बस. पाटी संपली. मी पाटीच्या मागे जाऊनही पाहिलं.

तेवढ्यात स्वतः डोंगरेच आला. जाकीट, हातात छडी, मागे पाहुण्यांचा घोळका. "इस इंजन ने तो मुझे रुला दिया," तो छडी फिरवत सांगत होता. अरे, रडलो मी होतो! माझ्या पोटात असा जाळ झाला, की त्यावर पोळी भाजली असती. त्यात हा माणूस देखणा. मिशी अशी, की जणू तिलाही पॉलिश मारलंय.

"काहून तोंड फुगवून राहिले?" बायको कुजबुजली. "बोला ना!"

मी थेट शेठजींना गाठलं. ते पाच वाजता पाहुण्यांना गाडीतून चक्कर मारून आणायच्या गडबडीत होते.

"शेठजी, पाटीवर माझं नाव नाही."

"अच्छा? काळेजी, आपने क्या किया था इसमें?"

क्या किया था! मी म्हटलं, "खालचं सगळं."

"खालचं कोण पाहते, काळे भाऊ?" डोंगरे गोड हसला. "अन् थोडं थोडं तर मीही केलं."

"सबूत है," मी गरजलो. मला नाटकात कधी काम मिळालं नाही, ते तेव्हा मिळालं.

सबूत असा. नट ठरलेल्या ताकदीने कसला, की नटावरून खालच्या लोखंडावर रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढे नट ढिला होऊन फिरला, तर रेघ मधेच तुटते. पाना न लावताही कळतं. माझ्या गॅरेजची रेघ हिरवी. दुसरं कोणी या गाडीवर हिरवी ओढलेली नाही.

"चल, दोघं खाली जाऊन पाहू," मी डोंगरेला म्हटलं.

त्याने आपल्या पँटकडे पाहिलं. "तुम्हीच पाहा."

मी मोबाइलचा टॉर्च लावून शिरलो. अहाहा! गिअरबॉक्सवर हिरवी, स्टिअरिंगवर हिरवी. गाडीभर माझ्या सह्या. सरकत सरकत मागच्या चाकांशी पोचलो. तिथे पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे, यू-बोल्ट असतात. चाकांचा दांडा आणि वरचे पाटे यांना ते आवळून धरतात. मागच्या आठ नटांपैकी दोनांवरची रेघ तुटली होती.

कारणही तिथेच पडल्या पडल्या कळलं. नवे पाटे गाडी थोडी पळाली की बसतात, आणि मग हे नट पुन्हा कसावे लागतात. उद्घाटनाच्या दिवशी गाडी मिरवत विजय नगरपर्यंत जाऊन आली होती. त्यानंतर शेठजींचे दोन फोन आले, "एक बार देख लीजिए." पण उद्घाटनाला डोंगरे स्टेजवर होता आणि मी तिसऱ्या रांगेत, कूलरच्या मागे. मी म्हटलं होतं, "डोंगरेला बोलवा."

आता काय करावं? पुढच्या रेघांचे फोटो दाखवायचे, पाटी जिंकायची आणि सोमवारी गुपचूप येऊन नट कसायचे. बेत झकास होता. पण पाच वाजता त्याच गाडीत माणसं बसणार होती. आणि हौसेने पुढे जाऊन बसणाऱ्यांत माझी बायको पहिली असणार होती.

मी बाहेर आलो. शर्टाचं पोतेरं झालं होतं.

"शेठजी, काम माझंच आहे. आणि गाडी पाचला निघणार नाही."

मी सगळं सांगितलं. रुसव्यासकट. मग डोंगरे म्हणाला, "म्हणजे ढिले नटही तुमचेच?"

"माझेच."

"फिर तो साबित हो गया," शेठजी म्हणाले, आणि घोळका खो-खो हसला.

मेकॅनिकच्या गाडीत स्टेपनी नसेल, पाना असतोच. मी आठही नट कसले, जुन्या रेघा खरवडल्या, नव्या ओढल्या. सव्वासहाला महाराणी निघाली. केबिनमध्ये बायको डोंगरेशेजारी बसली आणि सगळी चक्कर त्याच्या मोरांचं कौतुक करत राहिली. मी मागे, उघड्यावर, यू-बोल्टांच्या बरोबर वर उभा होतो.

पुढच्या आठवड्यात शेठजींनी पाटी बदलली. 'पुनर्निर्माण : श्री. डोंगरे. नट : श्री. काळे.'

ती बदलून मागायचा माझा विचार नाही. शेठजी पुन्हा सबूत मागतील. मात्र गॅरेजमध्ये कोणी नवीन आलं की त्याला पहिल्याच दिवशी सांगतो : रुसायचं असेल तर खुशाल रुसावं, स्टेजवर बोलावलं तरी जाऊ नये, नट कसायला मात्र जावं.