सहीबिगर माघारी न्हाय

मोडनिंबचे रावजी हवालदार फौजेत बावीस वर्षं सिग्नलला होते, त्यातली चौदा मोटारसायकलवर. वायरलेसचा सेट मुका झाला की निरोपाचा कागद घेऊन निघायचं, पोचवायचा, घेणाऱ्याची सही अन् वेळ घ्यायची, मगच माघारी फिरायचं. ही सवय पेन्शनीतही सुटली नाही. गिरणीत दळण टाकलं तरी ते वेळ लिहून मागत. बायको सोनाबाई हसायची.

त्या मंगळवारी सोनाबाईला हसायलाही दम पुरत नव्हता. डायलिसिस चुकून दोन दिवस झाले होते. तिला सोलापुरातल्या खासगी दवाखान्यात बाकड्यावर बसवून रावजी माजी सैनिकांच्या दवाखान्यात खिडकीपाशी उभे होते. इथून कॉम्प्युटरवर मंजुरी गेल्याशिवाय तिथलं मशीन लागत नव्हतं.

"काका, नव्या सिस्टीममध्ये काकू दिसतच नाहीत," खिडकीतला हृषीकेश म्हणाला. "जुनं कार्ड बंद दाखवतंय, नवं उघडत नाही."

"दिसत न्हाय? पाय ह्ये एवढं सुजल्यात तिचं. चपला चढंनात. मला तर लई दिसती की."

"मी वर तक्रार टाकलीय, काका."

"तिसऱ्यांदा टाकलीस. वरचा काय लोणचं घालतोय का त्येचं?"

रांगेत हशा पिकला. हृषीकेशही हसला. स्क्रीनवरची चकती फिरतच होती.

"फिरू दे तिला. सेट मेला. आता कागद काढ."

"कागद चालत नाही."

"कुणाला चालत न्हाय? नाव सांग त्येचं."

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. रावजी तडक आत गेले आणि डॉक्टर चेतनाबाईंसमोर ताठ उभे राहिले. "बाई, तीन वरसं तुमी तिला तपासताय. मशीन लागतंय का न्हाय, तेवढं हातानं लिवा."

बाईंनी जरा वेळ पेन बोटांत फिरवलं. मग लेटरहेड ओढलं. सही, शिक्का, दहा चाळीस.

सात रस्ता चौकातली गर्दी कापत रावजींची मोटारसायकल खासगी दवाखान्यात पोचली. काउंटरवरच्या अंकितानं कागद परत सरकवला. "आजोबा, मंजुरीचा कोड लागतो."

"मग नगा लावू मशीन. पर ह्येच्या मागं लिवा, कागद मिळाला, पेशंट समोर धापा टाकतीय, मशीन लावलं न्हाय. खाली नाव अन् टाइम. सहीबिगर मी माघारी जात न्हाय."

त्यांनी पेन पुढं धरलं. अंकितानं पेनाकडं पाहिलं, बाकड्याकडं पाहिलं. "असं कसं लिहू मी?"

"मग तुमच्या सायबाला बोलवा. त्यो लिवंल."

साहेब आले. पेन त्यांनीही घेतलं नाही. कागद दोनदा वाचून फोन लावला, बराच वेळ कुणाशी तरी बोलले, अन् खालच्या आवाजात म्हणाले, "घ्या आत."

"घेतलं म्हणून लिवा."

साहेबांनी लिहिलं. अकरा पंचवीस.

मशीन घुमायला लागलं तसा सोनाबाईला कंठ फुटला. "आवं, परवाचं काय?"

"परवाचा कागद आत्ताच आणतो. रांगेतल्या बाकीच्यांनाबी लिवून मागायला लावतो."

"आदी च्या तरी प्या."

"च्या नगं. दोनला खिडकी बंद हुती," म्हणत रावजी जिना उतरले अन् त्यांनी मोटारसायकलला किक मारली.