अक्काची गोळी

थोरल्या बहिणीशी, अक्काशी, मी एक खोटं बोललो आणि ते खोटं ती रोज सकाळी पाण्याबरोबर गिळत राहिली. हे मी आजवर घराबाहेर कुणाजवळ बोललो नाही. मनातलं बोलून दाखवायची मला सवयच नाही. पण आता माझेही केस पिकायला लागलेत, सांगून टाकतो.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी रहिमतपुराजवळच्या शाळेत मास्तर होतो. अक्का ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. गळ्यात तुळशीची माळ. आम्ही बाकी सगळे खाणारे, पण तिच्यापायी मटण घरात शिजत नसे. घरामागच्या परड्यात तीन दगडांची चूल, तिथली भांडी वेगळी, आणि तिथंच चूळ भरून मग उंबरा ओलांडायचा.

पहाटे जात्यावर बसणारी ही बाई हळूहळू मंदावली. खुंटा हातात धरूनच तिला डुलकी लागायची. चैत्राच्या उन्हात घोंगडी पांघरायची. आवाज घोगरा झाला, तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं, भुवया विरळ झाल्या. "आरं, अंगच उचलंना बघ," म्हणायची, तेही एकेक शब्द शोधत.

"आवं, वन्संना दाखवा तरी कुणाला," बायको म्हणाली.

"वय झालंय तिचं," मी म्हणालो. आणि एकदा वैतागून अक्कालाच म्हणालो, "अजगर झालीस की गं पार!"

ती हसली. हसू चेहऱ्यावर यायलाही वेळ लागला.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं. बाटल्या रिकाम्या झाल्या, अक्का तशीच. मग क्षयाची भीती शिरली. तो शब्द कुणी उच्चारला नाही, पण अक्काचा तांब्या वेगळा ठेवला गेला. बायकोनं ठेवला आणि मी तो तसाच राहू दिला. शेवटी मिरजेची गाडी धरली.

तिथल्या डॉक्टरांनी ताप, खोकला, रक्त जाणं, सगळं विचारलं. पापणी ओढून पाहिली. नाडी धरून बराच वेळ बसले. मग अक्काला खुर्चीवर गुडघ्यांवर उभं केलं आणि टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं खरं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं. डॉक्टर हसले.

"क्षय नाही, मास्तर. गळ्यात एक ग्रंथी असते, तिचा रस शरीराला चालतं ठेवतो. यांची ती ग्रंथी थकलीय. तो रस आता गोळीतून द्यायचा. जन्मभर."

क्षय नाही म्हटल्यावर मी डॉक्टरांना हातच जोडले. अक्का बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "ही गोळी मेंढीची ग्रंथी वाळवून करतात. माळ दिसली म्हणून सांगतो. त्यांना कल्पना द्या."

बाहेर बाकावर अक्कानं विचारलं, "कशाची रं गोळी?"

"झाडपाल्याची," मी म्हणालो.

खरं सांगितलं तर ती मरण पत्करेल, असं मला वाटलं. गोळी लागू पडली. सूज उतरली, आवाज मोकळा झाला, घोंगडी पेटीत गेली. एका पहाटे जात्याच्या घरघरीनं मला जाग आली आणि डोळे भरून आले. पण गोळी तोंडात टाकण्याआधी अक्का माळेला हात लावून डोळे मिटायची. तेवढा वेळ मी दुसरीकडे बघत असे.

पुढं एकदा मी गोळ्या आणायला मिरजेला निघालो, तर अक्का म्हणाली, "सारखा हेलपाटा कशापायी? त्या झाडाचं रोपच मागून आण की. परड्यात लावू. हितली माती लय चांगली हाय."

मटणाच्या चुलीशेजारी ती बोटानं जागा दाखवत होती. मला पुढं खोटं रेटवेना. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

अक्का चुलीच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "मेंढी का बकरं?"

"मेंढी."

"डागदरनं मला सांग म्हणलं हुतं?"

"व्हय."

"मग गिळल्या त्या गोळ्यांचं पाप तुझं. म्होरल्यांचं माझं मी बघीन."

मी मिरजेला जाऊन गोळ्या आणल्या. ती घेईल की नाही, याची धाकधूक वाटभर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं माळ काढून खुंटीला अडकवली, गोळी मुठीत घेतली आणि परड्यात गेली. मी दाराआड उभा.

"आरं मास्तर," परड्यातून हाक आली, "अजगर जेवला बघ. चुळीला पाणी आण."

तांब्या घेऊन मी जवळजवळ पळतच गेलो.