रामरामाचं हँडल

वाऱ्याशी जन्माचं वैर धरलेले एकच गृहस्थ मी आजवर पाहिले, ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात ते फिटर होते. नव्वद सालानंतर पहिली पाळी सगळी मोटरसायकलवर येऊ लागली, तरी हे निमगाव केतकीहून सायकलनंच जायचे. वाटेतला समोरचा वारा कुणीतरी मुद्दाम आपल्यासाठीच सोडतंय अशी त्यांची पक्की समजूत होती. मोटरसायकलवाल्यांच्या आधी एकदा तरी फाटकावर पोचायचं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. जगातली प्रत्येक गोष्ट ते सुतात मोजत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. कालवणात मीठसुद्धा त्यांना "एक सूत कमी" लागायचं. ताई म्हणायची, "मला बघाय आलं तवा पट्टी घरी इसरली असंल ह्यांची."

एकदा शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर त्यांना एका गोऱ्या सायकलवाल्याचं छायाचित्र सापडलं. हँडलच्या मधून पुढं आलेल्या दोन नळ्या धरून, कोपरं गादीवर टेकून, तो गडी सायकलवर जवळजवळ झोपलाच होता. शेंगदाणे तसेच राहिले. दाजींनी भंगारातल्या नळ्या वाकवल्या, मोटरसायकलच्या फाटक्या सीटचा स्पंज कोपरांखाली घातला आणि आठवड्यात तसलं हँडल तयार केलं. ते नीट बसवण्यात मात्र दोन महिने गेले. खिशात कायम पाना. दर मैलाला उतरायचं, नळ्या एक सूत पुढं घ्यायच्या, गाद्या एक सूत आत, की पुन्हा स्वारी पुढं. शेवटी त्यांची पाठ पोळपाटासारखी सपाट झाली, आणि एका सकाळी ते फाटकावर पोचले तेव्हा तिथं वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. ही हकिगत मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी मला ती आवडली.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्यात कुणाच्या ध्यानात आली नाही. भाचीचं लग्न निरवांगीच्या मुलाशी ठरत आलं होतं, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. पोरीच्या मनात मुलगा भरला होता. आणि अचानक तिकडचे निरोप थांबले. मामा म्हणून मलाच जावं लागलं. मुलाचे वडील भला माणूस. चहा झाल्यावर चाचरत म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. मी तीन येळा रस्त्यात दाजींना रामराम घातला. माणूस मान खाली घालून निघून जातोय. घरात काय वंगाळ झालंय व्हय?"

परत येऊन मी हे दाजींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मान खाली न्हाय घातली ओ. वारा वरनं जाऊ दिला." आणि त्यांनी खिशातून पाना काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्याही म्हणून रस्त्याच्या कडेला उभं केलं. मी रामराम घालायचा, त्यांनी सायकलवरून घ्यायचा. पहिला रामराम त्यांनी पुढच्या चाकाला केला. मग गाद्या चार सूत वर घेतल्या, तो माझ्या चपलांना पोचला. दुपारपर्यंत माझा घसा बसला. अखेर कोपरं पार छातीपाशी आली, मान वर झाली, हात मोकळा सुटला.

"बसला रामराम," दाजी म्हणाले. त्यांच्या सदऱ्यात वारा भरला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी निरवांगीकर एसटीची वाट बघत उभे असताना दाजींनी जाता जाता असा खणखणीत रामराम घातला की सारा थांबा वळून बघू लागला. त्याच आठवड्यात सुपारी फुटली. मोटरसायकली पुन्हा आधी पोचू लागल्या. लग्नानंतर हँडल खाली घ्या म्हणून मी सुचवलं, तर म्हणाले, "आता तर रस्त्यानं लेकीच्या सासरची माणसं असत्यात." ते हँडल त्यांनी शेवटपर्यंत खाली घेतलं नाही.

पाठवणीच्या वेळचे दाजी मला अजून दिसतात. पोर पाया पडून जीपमध्ये बसली, व्याही हात जोडून रामराम म्हणाले, आणि दाजी खाली बघत खिशातला पाना नुसता चाचपत राहिले. मी हळूच कोपर मारलं, "दाजी, व्याही रामराम करतायत." मान काही वर येईना.

व्याही पुढं झाले. त्यांनी दाजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज खाली असली तरी चालंल."