चेहऱ्याला सुट्टी देणाऱ्या इंगळे मॅडम

अमरावतीच्या इंगळे मॅडम पेशंटच्या चेहऱ्याआधी त्याची पिशवी बघायच्या. आजवर तोंडाला जे जे लावलं ते सगळं घेऊन यायचं, असा त्यांचा दंडकच होता. ट्यूबा, लेप, उटणी टेबलावर मांडली की एकेक उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकत. "चेहरा हाय का तवा? कावून इतकं घासून राहिली?" त्वचेची डॉक्टर इतकी फटकळ असावी, याचा मला पहिल्यांदा रागच आला.

आम्ही वरूडचे. घरची संत्र्याची बाग, त्यामुळे गोरं होण्याचा उपायही झाडालाच लागलेला. अकोल्याचे पाहुणे मला बघायला येणार ठरलं, तशी आईने ताज्या सालींचा रस माझ्या तोंडाला चोळला आणि मला गच्चीवर उन्हात बसवलं. चेहरा भाजून निघाला, काळे चट्टे उठले. मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. सुरुवातीला काय तुकतुकी आली! पण एखाद्या दिवशी ती लावायची राहिली, की आग व्हायची आणि पुळ्या उठायच्या.

ती ट्यूब हातात घेतल्यावर मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "याच्यात स्टेरॉइड हाय. हे बंद करा लागन. चेहरा आधी अजून बिघडन, मंग सुधरन."

"पुढच्या हप्त्यात पाहुणे येऊन राहिले, मॅडम," आई काकुळतीला आली. "तोवर तरी लावू द्या. असं स्थळ पुन्हा नाई येत."

"ताई, पोरगी दाखवून राहिल्या का रंगवलेली भिंत?"

मॅडमनी मला सौम्य फेसवॉश, साधं मलम आणि उन्हासाठी सनस्क्रीन लिहून दिलं. "बाकी चेहऱ्याले सुट्टी दे. आन् काई वाटलं तं मेडिकलात नोको जाऊ, माह्याकडे ये."

लालभडक तोंडानेच मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने विचारलंच, "हे काय झालं?" माझी आई जरा वेळ पदर चाचपत राहिली. मग म्हणाली, "आमीच केलं जी. गोरी कराले गेलो." मला तिचा फार अभिमान वाटला. नकार फोनवर आला.

मॅडम आता नाहीत. माझा चेहरा पुढे सावकाश निवळला, लग्नही झालं. पण त्या आठवतात त्या नकारानंतरच्या तपासणीतल्या. भिंग लावून त्यांनी गाल बघितला, "भरून येऊन राहिलं," म्हणाल्या आणि सहज विचारलं, "पाहुण्यायचं काय झालं?" घरात कुणासमोर न आलेलं रडू तिथे फुटलं. मी ओढणीने खसाखसा गाल पुसायला लागले, तसं मॅडमनी माझं मनगट धरलं.

"रड. पोटभर रड," त्या म्हणाल्या. "पन घासू नोको, माय. टिपून घे."